पेपेंची सोंगं

१४ सप्टेंबर

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला. पाचशे दोन.

इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या उठून मीच स्वतःला "इतकं काही वाईट नाही" असं सांगणार नाही. वाईटच आहे. टेकडीवरच्या मेडिकल कॉलेजात ज्यांना घेतात त्यांचे पाचशे दहाच्या खाली क्वचितच असतात. सगळा उन्हाळा मी मेमेच्या, माझ्या आजीच्या, पलंगाशेजारी पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. जुलैत मेमे गेली आणि ऑगस्टमध्ये मी परीक्षेला बसले. एका उताऱ्याकडे कितीतरी वेळ नुसती बघत राहिले, एक शब्द आत जाईना.

पेपे, म्हणजे आजोबा, भांडी पुसत होते. त्यांना सांगितलं.

"पाचशे दोन? मग रडतेस कशाला? आमच्या शाळेत शंभरात चाळीस पडले तर आजी तुझी शेजाऱ्यांना बोलावून सांगायची."

"पेपे, तुम्ही आणि मेमे एका शाळेत नव्हता."

"नव्हतो, पण तिने सांगितलं असतं."

मी हसले आणि मग परत रडले. त्यांनी डोळे पुसायला भांडी पुसायचंच फडकं दिलं.

२० सप्टेंबर

हॅस्किन्स बाईंकडे गेले. मेडिकलला जाऊ बघणाऱ्यांना सल्ला देणं हे कॉलेजातलं त्यांचं काम, आणि मुलं त्यांच्या खोलीतून बहुतेक नाक पुसतच बाहेर येतात.

"यंदा अर्ज करायचा नाही," त्या म्हणाल्या. "गुणांशिवाय भागत नाही आणि नुसत्या गुणांवरही कोणी घेत नाही. एप्रिलमध्ये परीक्षा पुन्हा दे. तोवर रोज आजारी माणसं दिसतील असं काम धर. आणि निबंध लिही, डॉक्टर का व्हायचंय त्याचा. त्यात 'लोकांची सेवा' असं आलं तर मी फाडून टाकीन."

"मग काय लिहू?"

"ते शोधायलाच वर्ष आहे तुझ्याकडे, कोलेट."

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत लेखनिकाची जागा आहे. डॉक्टर तपासत असताना मागे लॅपटॉप घेऊन उभं राहायचं आणि ते बोलतील ते टाइप करायचं. मला टाइप छान येतं. सध्या मला तेवढंच येतं असं वाटतंय.

३ ऑक्टोबर

मला नोकरी लागली. पण घरात त्याचं कौतुक पाच मिनिटंही टिकलं नाही, कारण पेपेंनाही लागली.

वय वर्षं शहात्तर. मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांच्या सरावासाठी खोटे पेशंट लागतात, त्यातले एक म्हणून. आजार छापून देतात. तो पाठ करायचा, कागदी झगा घालून टेबलावर बसायचं, कण्हायचं आणि विचारलं तेवढंच सांगायचं.

"तुम्हाला घेतलं कोणी?"

"का? जन्मभर या विनुस्की गावचा बर्फ हटवलाय मी. माझ्याइतके ठणके गावात कोणाला माहीत आहेत?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "शिवाय आपलं एक माणूस आत असलेलं बरं. उद्या तुझं नाव निघालं की मी तिथे असेन."

"तिथे वशिला चालत नाही, पेपे. आणि झग्यात बसलेल्या माणसाला विचारतंय कोण?"

"झग्यातल्या माणसासमोर लोक काहीही बोलतात, पोरी. तू बघच."

लुसिल आत्या खालच्या मजल्यावर राहते. जिन्यातून ओरडली, "त्यांना सांग, आजारी पडायचे पैसे मिळत असतील तर माझीपण गुडघेदुखी आहे म्हणावं!"

१९ ऑक्टोबर

पेपेंचं पहिलं सोंग: पित्ताशयाचा खडा. काल मला सरावाला बसवलं होतं. मी पोटावर हात ठेवला की त्यांनी ओरडायचं. त्यांनी डावीकडे ओरडून दाखवलं.

"पित्ताशय उजवीकडे असतं."

"माझं असेल डावीकडे."

तरी आज तिथे त्यांचं कौतुक झालं म्हणे. एका पोराने इतकं जोरात दाबलं की ओरडायचं सोंग करावंच लागलं नाही. मेमे गेल्यापासून एवढे हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. ही नोकरी टिकावी, माझ्या वशिल्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

८ नोव्हेंबर

या महिन्याचं सोंग: बायको गेलेला म्हातारा, खिन्न झालेला. कॉलेजने ते त्यांना द्यायलाच नको होतं. पण पेपे म्हणाले, "पाठ करावं लागणार नाही, सोपं आहे."

आज स्वयंपाकघरात करून दाखवलं. चेहरा असा की पाटी कोरी पुसून ठेवलीय. डोळे मिटायचेसुद्धा विसरल्यासारखे. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं. लुसिल आत्या पाव द्यायला वर आली होती. ती पाव टेबलावर ठेवून बाहेर गेली आणि जिन्यात रडत बसली.

मी मात्र थक्क झाले. हा माणूस नाटकात असायला हवा होता.

२१ नोव्हेंबर

ते सोंग आठवड्यापूर्वीच संपलं, पण पेपे अजून त्याच आवाजात बोलतात. आज मी चिडलेच. "पेपे, पडदा पडला. आता मोठ्याने बोला!"

"मोठ्यानेच तर बोलतोय," ते म्हणाले.

मी टर उडवली. ते हसले असावेत. नक्की सांगता येत नाही.

२ डिसेंबर

इमर्जन्सीत दिवसभर उभी. घरी येऊन मेंदूचा धडा. कार्डं करून भिंतीवर चिकटवली आहेत, दात घासतानाही वाचते. मेंदूच्या मुळाशी एक काळसर पट्टा असतो, तिथल्या पेशी डोपामिन बनवतात, त्या मेल्या की काय काय होतं, सगळं पाठ आहे. स्वप्नात विचारलं तरी सांगेन.

स्वप्नावरून आठवलं, पेपे सध्या झोपेत लाथा मारतात. काल दिवा पडला. "ट्रक चालवत होतो, समोर हरीण आलं," म्हणाले.

शब्दकोडं अर्धवट टाकलं होतं म्हणून बघायला घेतलं. अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग! सुरुवातीला बरं आणि पुढे जाता जाता दिसेनासं झालेलं. त्यांना नवा चष्मा करायला हवा.

२५ डिसेंबर

मेमेशिवाय पहिला नाताळ. मी तिची तूर्तिएर करायला घेतली. डुकराचा खिमा, लवंग, वरून पीठ लाटून झाकायचं, तिच्यासारखंच सगळं. ओव्हनमध्ये ठेवून आंघोळीला गेले. बाहेर येते तो घरभर धूर आणि पेपे ओव्हनच्या शेजारीच खुर्चीत आरामात वर्तमानपत्र वाचत बसलेले!

"नाक आहे की शोभेला लावलंय?"

"कशाचा वास?"

मी इतकी ओरडले की त्यांचा चेहरा बघून मलाच लाज वाटली. मग आम्ही वरचं जळकं खरवडून आतला खिमा चमच्याने खाल्ला. पेपे म्हणाले मेमेचीपण एकदा जळली होती. खोटं बोलत होते. मेमेची कधी जळली नाही.

१७ जानेवारी

बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि घरात लकव्याचं सोंग. कागदावर डाव्या बाजूचा लकवा आहे. पेपे खोलीत येरझारा घालून दाखवत होते. छोटी छोटी पावलं, पाय ओढत, आणि एक हात अंगाला चिकटलेला, हलतच नाही.

"पेपे, डावा हात लिहिलाय. तुम्ही उजवा धरून चालताय."

ते थांबले. हाताकडे बघितलं. "हो का," म्हणाले.

पित्ताशयाच्या वेळी तेच! डावं-उजवं काही केल्या त्यांच्या डोक्यात राहत नाही.

पण नंतर कमाल केली. बाहेर जायला शर्ट घालत होते आणि एक बटण लावायला त्यांना किती वेळ लागावा? बोटं बटणापाशी जात, अडत, परत येत. कुठेही घाई नाही, कुठेही जास्तीचं काही नाही. मी दारात उभी राहून बघत होते. शेवटी बटण लागलं तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या. म्हटलं, "आजवरचं सगळ्यात भारी!"

पेपेंनी वाकून नमस्कार केला, रंगमंचावर करतात तसा.

९ फेब्रुवारी

सराव परीक्षेत पाचशे सात. निबंध तीनदा लिहिला, तीनदा फाडला. हॅस्किन्स बाईंना तसदी दिली नाही.

११ मार्च

आज काय झालं ते नीट लिहायचंय.

दुपारी एक आजोबा आले, अंगणातल्या बर्फावर घसरून पडलेले. डॉ. स्टॉडर्ड तपासत होत्या, मी मागे टाइप करत होते. हाड मोडलेलं नव्हतं. पण डॉक्टरबाईंनी त्यांना सोडलं नाही. त्यांचं मनगट हातात घेऊन हळूहळू फिरवलं. अंगठा आणि बोट जुळवून भराभर उघडझाप करायला सांगितली. मग दारापर्यंत चालायला लावलं. आणि नेहमीसारखं मला सांगत गेल्या, "लिही. चेहऱ्यावर हावभाव कमी. डोळ्यांची उघडझाप कमी. आवाज बारीक. पावलं आखूड. उजवा हात झुलत नाही."

मी तिथपर्यंत टाइप केलं. आणि बोटं थांबली.

त्यांनी आजोबांच्या बायकोला विचारलं, वास येतो का यांना? झोपेत हातपाय झाडतात का? अक्षर बारीक झालंय का?

"हो," मी म्हणाले.

डॉ. स्टॉडर्डनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तुला नाही विचारलं, कोलेट."

उरलेलं त्यांनी स्वतः टाइप केलं. मला पाणी प्यायला पाठवलं. मी चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन उभी राहिले. सगळं पाठ होतं मला. माझ्या भिंतीवर चिकटवलेलं होतं.

१२ मार्च

सकाळी पेपे खिडकीपाशी बसले होते. मी समोर स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "हात द्या जरा."

"आज कुठलं सोंग आहे?" त्यांनी विचारलं.

"आज कुठलंच नाही."

त्यांनी हात दिला. मी मनगट फिरवलं. अडत अडत फिरलं, गंजलेल्या नळासारखं. मी दुसऱ्यांदा फिरवून पाहिलं नाही. हात तसाच धरून बसले.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"जानेवारीत टाळ्या वाजवल्यास ना तू," ते म्हणाले, "तेव्हा मी काहीच करत नव्हतो गं. नुसती बटणं लावत होतो."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? मी तुमच्याकडून वाकून नमस्कार करून घेतला! मूर्खासारख्या टाळ्या वाजवल्या!

"गेल्या वेळी तुझी परीक्षा आणि मेमेचं आजारपण एकत्र आलं. या वेळी मी ठरवलं, एप्रिल होऊन जाऊ दे. कुठे पळून जाणार होता हा आजार? आणि टाळ्यांचं म्हणशील तर मला आवडल्या त्या."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. पंचविशीला आले मी. त्यांनी डाव्या हाताने केसांवरून हात फिरवला. उजवा मी सोडलाच नव्हता.

२७ मार्च

मेंदूच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, पार्किन्सन. गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू वाढतो, पण वर्षानुवर्षं बरं चालतं असं म्हणाले.

परत येताना, मेपल झाडाचा रस आटवून पाक करतात तिथे गाडी थांबवली. मेपलचा हंगाम जोरात आहे, दारातच बर्फाच्या थाळीवर गरम पाक ओतून देतात, सोबत आंबट काकडी. पेपेंनी दोन थाळ्या खाल्ल्या. म्हणाले वास येत नसला तरी गोड कळतं. मी परीक्षा पुढे ढकलते म्हटलं, तर काकडी रोखून म्हणाले, "तसं केलंस तर मी खरोखरचा आजारी पडेन."

१३ एप्रिल

परीक्षा दिली. सगळे उतारे वाचले.

१४ मे

पाचशे अकरा!

लुसिल आत्याने जिन्यात घंटा वाजवली, तिची गाईच्या गळ्यातली. पेपे म्हणाले, "नऊच वाढले? वर्षभर काय करत होतीस?" आणि मग मला घट्ट धरलं.

निबंधही झाला. मी इमर्जन्सीत काय टाइप करत होते आणि घरी काय बघत नव्हते, एवढंच आहे त्यात. आधी पेपेंना वाचून दाखवला. चालेल का विचारलं. "चालेल. फक्त मी जरा देखणा दिसेन असं काहीतरी घाल." हॅस्किन्स बाईंनी फाडला नाही.

२० मे

एकाच कॉलेजात अर्ज करायचा ठरवलंय. टेकडीवरच्या. घरून पायी जाता येतं. पेपेंना सोडून मी कुठेही जाणार नाही.

हॅस्किन्स बाईंनी चष्मा काढला. "या गुणांवर एकाच ठिकाणी अर्ज? लोक वीस-पंचवीस ठिकाणी करतात आणि एखादी जागा मिळते. तू वर्ष पाण्यात घालतेयस."

असेल. घरी येऊन हेच पेपेंना सांगितलं आणि म्हटलं, काळजी करू नका, मी इथेच आहे. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं असेल.

२६ मे

इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

जेवताना पेपेंनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, "कॉलेजातल्या बाईंनी मला सांगितलंय, नात इथे अर्ज करणार असेल तर तुम्हाला काम सोडावं लागेल. मला माझं काम सोडायचं नाही. आणि तुझी खोलीही मला हवी आहे, भाड्याने द्यायला. तू दुसरीकडे बघ."

मला आधी गंमत वाटली. पण चेहऱ्यावर काही नाही. मी म्हटलं, पेपे, मी तुमच्यासाठी थांबतेय!

"मी सांगितलं होतं थांबायला?"

मी ताट तसंच टाकून खाली गेले. लुसिल आत्या म्हणाली, "म्हाताऱ्याचं काम आहे ते. आता पोरं त्यांचं खरं मनगट धरून शिकतात, म्हाताऱ्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. तू मनावर घेऊ नकोस." आणि माझ्याकडे न बघता बटाटे सोलत राहिली. बटाटे कशाला, जेवण झालं होतं तिचं.

ते सोंग त्यांना माझ्यापेक्षा प्यारं झालंय. लिहवतसुद्धा नाही.

२९ मे

परत विचारलं. पेपे म्हणाले, "मला माझं काम सोडायचं नाही. आणि तुझी खोलीही मला हवी आहे, भाड्याने द्यायला. तू दुसरीकडे बघ."

१ जून

आज कामावर एक बाई पोटदुखी घेऊन आली. डॉक्टरांना एक सांगितलं, नर्सला थोडं वेगळं, मला लॅपटॉप बंद करताना आणखी वेगळं. खरं दुखणारी माणसं असंच करतात, दर वेळी वेगळ्या टोकापासून सांगतात. वर्षभर हेच टाइप करतेय मी.

घरी आले. जिन्यातच थांबले. मग वर जाऊन अगदी सहज विचारलं, पेपे, नक्की का म्हणे मी इथे अर्ज करायचा नाही?

"मला माझं काम सोडायचं नाही." थांबले. "आणि तुझी खोलीही मला हवी आहे, भाड्याने द्यायला." परत तेवढंच थांबले. "तू दुसरीकडे बघ."

शब्दही इकडचा तिकडे नाही. थांबणंसुद्धा तिथेच, छापील कागद पाठ केल्यासारखं.

मी होता नव्हता तेवढा राग आवाजात आणला. म्हटलं, "ठीक आहे! तुमची खोली तुम्हाला लखलाभ! मी बॉस्टनला जाईन, नाहीतर शिकागोला, आणि नाताळला येणार नाही!" आणि दार आपटलं. ते मी कधी आपटलं नव्हतं, कडीच निघून हातात आली. आत जाऊन उशीत तोंड खुपसून बसले.

पेपेंना पटलं. बाहेर आत्याला हळू आवाजात सांगत होते, "झालं काम."

३ जून

आज अर्ज पाठवला. यादीत चोवीस कॉलेजं आहेत. जवळची, लांबची, जिथे घेतील अशी आणि जिथे घेणार नाहीत अशीही. टेकडीवरचं त्यात नाही. ते पेपेंचं आहे, ते त्यांच्याकडेच राहू दे.

बाहेर आले तर ते खिडकीपाशी होते.

"गेला?"

"गेला. तुमचं कॉलेज सोडून सगळीकडे." मी अजून रागावलेली आहे, हे विसरायचं नव्हतं.

"बरं झालं," ते म्हणाले आणि बाहेर बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आताशा काही उमटत नाही. पण उजवा हात इतका थरथरायला लागला की त्याखालची खुर्चीची दांडी खडखड वाजू लागली.

"काय होतंय?"

"काही नाही. गोळीची वेळ झाली असेल."

गोळी त्यांनी माझ्यासमोर, दहा मिनिटांपूर्वीच घेतली होती. मी "हो, झालीच असेल," म्हटलं आणि पाणी आणायला उठले.